दुसऱ्या पावसाचा हिशेब

मुंबईच्या पावसाचा विषय निघाला की सगळ्यांना २६ जुलै २००५ आठवते. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. उपनगरे बुडाली, मिठी नदी घराघरांत शिरली. दक्षिण मुंबई त्या मानाने वाचली. तेव्हापासून गिरगाव-मरीन लाइन्सकडच्या लोकांत ‘आमच्याकडे एवढे होत नाही’ असा एक समज रुजला. ऑगस्ट २०२० मध्ये हा समज मोडला. तो मोडायला एकापाठोपाठ आलेले दोन पाऊस लागले.

त्या वर्षी १ ऑगस्टला बकरी ईद होती. टाळेबंदीमुळे नमाज घरातच झाली. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी धावत होत्या. ३ ऑगस्टच्या रात्री पाऊस सुरू झाला आणि ४ तारखेच्या सकाळपर्यंत कुलाब्यात सुमारे २५२ मिलिमीटर पडला. हिंदमाता, दादर, परळ नेहमीप्रमाणे पाण्याखाली गेले. लोकांनी घरातले पाणी उपसले, कपडे दोरीवर टाकले. ते सुकायच्या आत ५ ऑगस्टला ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा घेऊन दुसरा पाऊस आला. कुलाब्याचा आकडा होता ३३१.८ मिलिमीटर. गिरगाव चौपाटी, चर्चगेट अशा सहसा न तुंबणाऱ्या भागांतही पाणी साचले. जे. जे. रुग्णालयात पाणी शिरले. मशीद बंदर आणि भायखळ्याच्या दरम्यान दोन लोकल अडकल्या आणि आतल्या प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले.

माझे मत असे की, शहराची खरी परीक्षा हा दुसरा पाऊस घेतो. पहिला पाऊस माणूस कसाबसा निभावतो. दुसरा येतो तेव्हा निभावण्याची साधनेच संपलेली असतात.

माझे बालपण लालबागच्या चाळीत, तळमजल्यावर गेले. वडील गिरणीत होते. पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून वर यायचे. ते दिसले की आई गाद्या, पीठ आणि तांदूळ पोटमाळ्यावर चढवायची, खाटेच्या पायांखाली विटा लावायची. शेजारच्या काकू आमचा कुराण शरीफ ठेवलेला रेहल स्वतःच्या हाताने उचलून माळ्यावर द्यायच्या. पाणी ओसरले की सगळे खाली यायचे. पण दोन दिवसांत पुन्हा कोसळला की पोटमाळ्यावर चढवायला कोरडे असे काही उरायचेच नाही. गाद्या ओल्या, पिठाला वास, भिंतीला हात लावला की माती हातात. शिवाय दोन दिवसांचा रोज बुडालेला असला, की तिसऱ्या दिवशी उधार मागायला तोंड राहत नाही. ही ओल आणि ही उधारी पर्जन्यमापकात दिसत नाही.

आजही फार फरक नाही. दादरच्या फूलबाजारातला माल एका दिवसात सडतो, दुसऱ्या दिवशी आणायला पैसे नसतात. हिंदमात्याचा कापडवाला भिजलेले तागे पहिल्यांदा निम्म्या भावात काढतो, दुसऱ्यांदा त्यांना गिऱ्हाईक नसते. परळला टाटा रुग्णालयाबाहेर फूटपाथवर राहणारे रुग्णांचे नातेवाईक तर कुठल्याच हिशेबात नसतात. त्यांना घरी जा म्हणणार कुणाला? घर बीडला किंवा बिहारला आहे.

हे टळत का नाही, याचे कारण गूढ नाही. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून हे शहर उभे राहिले, त्यामुळे मधले भाग बशीसारखे खोलगट राहिले. पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या १८६ मुखांपैकी भरतीच्या पातळीच्या वर आहेत ती अवघी सहा. भरती असली की पाणी बाहेर जात नाही, उलट आत येते. जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या. ही क्षमता दुप्पट करण्यासाठीचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ सालचा आहे. तो गांभीर्याने घ्यायला २००५ उजाडावे लागले.

काहीच झाले नाही असेही नाही. पंपिंग स्टेशने झाली. हिंदमात्याचे पाणी साठवायला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरते, हे मान्य केले पाहिजे. पण टाकीला एक मर्यादा असते. पहिल्या पावसाने ती भरली आणि ओहोटीत रिकामी झाली नाही, तर दुसऱ्याला ती असून नसल्यासारखी. दुसरीकडे, २६ मे २०२५ ला नुकतेच सुरू झालेले वरळीचे आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानक पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याखाली गेले. नव्या बांधकामाची ही गत, तर शंभर वर्षांच्या इमारतींचे काय?

२९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस आठवा. पाणी ओसरावे म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये डॉ. दीपक अमरापूरकर एल्फिन्स्टन परिसरात वाहून गेले. ३१ तारखेला त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्यावर सापडला. त्याच सकाळी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. दोन दिवसांवर बकरी ईद होती. इमारत केवळ पावसाने पडली असे मी म्हणत नाही. ती आधीच जर्जर होती, तिच्या पुनर्विकासाची योजनाही होती. पण अशा हजारो उपकरप्राप्त इमारती या बेटावर उभ्या आहेत. भिजलेल्या भिंती सुकायच्या आत पुन्हा भिजतात तेव्हा त्यांच्यात राहणाऱ्यांना झोप लागत नाही. म्हाडा दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. माणसे तरी घर सोडत नाहीत, कारण संक्रमण शिबिरातून परतलेला शेजारी त्यांनी पाहिलेला नसतो.

त्याच २९ ऑगस्टला गणपतीचे दिवस होते. मंडळांनी अडकलेल्यांना जेवू घातले, मशिदींनी आणि गुरुद्वारांनी दारे उघडली. दुसऱ्या दिवशी त्याच्या बातम्या झाल्या, ‘मुंबई स्पिरिट’चे गोडवे गायले गेले. मला त्या बातम्यांचा आनंद होतो आणि थोडे खटकतेही. मशिदीने भिजलेल्या माणसाला आत घेतले, ही बातमी का व्हावी? शेजाऱ्याचा हक्क आमच्याकडे धर्माचा भाग आहे, आणि चाळीत तो हिंदू-मुसलमान सगळ्यांनीच पाळला आहे. त्यात विशेष असे काही नाही. विशेष हे आहे की, ज्यांचे हे काम आहे ते त्या रात्री कुठे होते, असे कुणी विचारत नाही. खिचडीच्या पातेल्यामागे नालेसफाईचा हिशेब लपतो. आणि खिचडी वाटणाराही गरीबच असतो. पहिल्या पावसात तो वाटेल, दुसऱ्या पावसात त्याच्याच घरात चूल पेटलेली नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये १८ आणि १९ तारखेला पुन्हा तेच घडले. शाळा बंद, लोकल ठप्प, चेंबूरजवळ मोनोरेलमध्ये शेकडो लोक अडकलेले. पाऊस आता असाच लागोपाठ येणार, हे धरून चालायला हवे.

म्हणून मागणी साधी आहे. दोन पावसांमधले चोवीस तास सरकारने आणि महापालिकेने आपले मानावेत. त्या वेळात टाक्या रिकाम्या झाल्या की नाही हे जाहीर करावे. तळमजल्यांचे पंचनामे पाणी ओसरताच व्हावेत आणि कोरडा शिधा त्याच दिवशी मिळावा. पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या वस्तीत जाऊन द्याव्यात. यादीतल्या इमारतींची पाहणी दुसऱ्या पावसाच्या आधी व्हावी, ढिगारा उपसताना नव्हे. आणि ज्यांना घर सोडायला सांगायचे, त्यांना परत कधी येणार याची तारीख लेखी द्यावी.

मंडळे आणि मशिदी आपले काम करत आल्या आहेत, पुढेही करतील. त्यांच्या भरवशावर शहर चालवू नका, एवढेच.