मोडीत घातलेले गुप्तधन

शेताचे सपाटीकरण, विहीर वा शेततळ्याचे खोदकाम चालू असता नाण्यांचा हंडा किंवा जुने दागिने हाती लागणे, ही केवळ दंतकथा नव्हे. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्याच्या मांडी गावी २००० साली शेत सपाट करताना हडप्पाकालीन सुवर्णालंकारांचा साठा उघडा पडला. वार्ता पसरताच लोकांनी हाताला येईल ते उचलले. शासनाच्या ताब्यात त्यातील काही भागच आला.

असे सोने गुपचूप मोडीत घालणे हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो; प्रत्यक्षात तोच सर्वाधिक तोट्याचा आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास शक्य तितक्या लवकर लेखी खबर द्यावी लागते आणि ते धन सरकारी कोषागारात ठेवावे लागते किंवा त्यासाठी तारण द्यावे लागते. त्यानंतर दावेदारांसाठी जाहीर सूचना निघते. धन बेवारस ठरले आणि जमीनमालकाने हक्क सांगितला, तर अन्य करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्यास व एक चतुर्थांश मालकास मिळते; कोणीच दावा न केल्यास सारे सापडणाऱ्याचे. कुदळ बहुधा मजुराच्या हाती असते, हे ध्यानात घेता ही तरतूद आश्चर्य वाटावे इतकी उदार आहे.

परंतु खबर दडवली, किंवा ओळख पुसण्यासाठी वस्तू वितळवली, तर हा वाटा शासनजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. अशा कृत्यास साहाय्य करणारा जमीनमालकही आपला वाटा गमावतो व शिक्षेस पात्र ठरतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो: परवान्याविना त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीने त्या परदेशी पाठवणे हा गुन्हा आहे.

तथापि दोष केवळ दडवणाऱ्यांचा नाही. शासनाने धन स्वतःकडे घ्यायचे ठरवल्यास धातूचे मूल्य आणि त्याचा एक पंचमांश एवढेच देण्याची तरतूद कायद्यात आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या सुमारे १३,२५० नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा उमटवली होती. त्या विजयाची साक्ष चांदीच्या भावाने कशी मोजावी? दहा रुपयांची मर्यादाही दीड शतकानंतर हास्यास्पद झाली आहे. मोबदला ऐतिहासिक मूल्याशी जोडल्याखेरीज प्रामाणिकपणाची अपेक्षा व्यर्थ होय.

तोवर कृषी विज्ञान केंद्रांनी सपाटीकरण व शेततळ्यांच्या प्रशिक्षणात एवढे तरी शिकवावे: काम थांबवावे, वस्तू धुऊ-घासू नये, जागेचे छायाचित्र घ्यावे, जिल्हाधिकाऱ्यास लेखी खबर द्यावी आणि पोच जपून ठेवावी.