शोकेसमधली वाईन

मंडळी, पुण्यातल्या कुठल्याही आयटीवाल्याच्या घरी जा. हॉलमध्ये टीव्ही, टीव्हीशेजारी शोकेस. शोकेसमध्ये छोटासा आयफेल टॉवर, कधीतरी मिळालेली 'बेस्ट परफॉर्मर'ची ट्रॉफी आणि ऑनसाइटहून येताना ड्यूटी फ्रीमधून आणलेली वाईनची बाटली. उभी. समोर पश्चिमेची खिडकी. "कधी उघडणार रे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "राहू दे ना, जितकी जुनी तितकी भारी!"

या एका समजुतीपायी आपल्याकडे जितकी वाईन वाया जाते तितकी पार्ट्यांमध्ये सांडूनसुद्धा जात नसेल.

'जुनं ते सोनं' ही म्हण वाईनला सरसकट लावता येत नाही. जगात बनणारी बहुतेक वाईन वर्षा-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेली असते. वर्षानुवर्षं टिकायला तिच्यात मुळात काहीतरी दम लागतो: टॅनिन (जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तशी भावना देणारं द्रव्य), भरपूर आम्लता किंवा भरपूर साखर. बोर्दोच्या वरच्या दर्जाच्या रेड, इटलीची बारोलो, पोर्तुगालची व्हिंटेज पोर्ट वगैरे मंडळी या जातकुळीतली. आपल्या नाशिकची शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां घेऊन पाच वर्षं ठेवणं म्हणजे हापूसची पेटी पुढच्या अक्षय्य तृतीयेसाठी जपून ठेवण्यासारखं आहे. त्या वाईनची सगळी मजा तिच्या ताज्या फळांच्या वासात असते आणि तोच आधी उडतो. आपल्याकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च होते. त्यामुळे दुकानात लेबलवर साल दिसलं तर व्हाईटच्या बाबतीत सरळ सगळ्यात नवीन साल उचला. आणि काचेच्या दारामागे उन्हात मांडलेली, धूळ बसलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

आता साठवणीचं. वाईनला १२-१३ अंश तापमान मानवतं आणि मुख्य म्हणजे ते सतत वरखाली झालेलं चालत नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळीशीला टेकतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची केमिस्ट्री आठवतेय का? तापमान दहा अंशांनी वाढलं की रिअॅक्शनचा वेग ढोबळमानाने दुप्पट. (व्हायव्हात विचारायचे, तेव्हा उपयोग कळला नव्हता.) म्हणजे स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवलेली बाटली 'जुनी' होत नाही, ती हळूहळू शिजते. चव उकडलेल्या मनुकांसारखी लागते. बूच थोडं वर आलेलं दिसलं किंवा तोंडाशी चिकट ओघळ दिसला तर समजून जा.

बूच असलेली बाटली आडवी ठेवतात ती स्टाईल म्हणून नव्हे, बूच ओलं राहावं म्हणून. सुकलं की आक्रसतं आणि हवा आत शिरते. फिरकीचं झाकण असेल तर आडवी-उभी काही फरक नाही. घरातली सगळ्यात आतली, अंधारी, थंड जागा शोधा. बऱ्याच घरांत ती देवघराखालच्या कपाटात निघते, पण त्याबद्दल आईशी बोलण्याची जबाबदारी माझी नाही. (ह. घ्या.) त्यापेक्षा साधा फ्रीज बरा. काही महिन्यांसाठी बिनधास्त चालतो.

उभ्या बाटलीचं काय होतं याचं जगातलं सगळ्यात महागडं उदाहरण फोर्ब्स कुटुंबाचं आहे. १९८५ साली लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात त्यांनी १७८७ सालची म्हणून सांगितलेली, थॉमस जेफरसनची आद्याक्षरं कोरलेली लाफीतची एक बाटली १ लाख ५ हजार पौंडांना घेतली. न्यूयॉर्कमध्ये ती प्रदर्शनात मांडली. उभी, दिव्याच्या झोताखाली. काही महिन्यांत बूच सुकलं आणि सुळकन आत पडलं! पुढे त्याच स्रोताकडून आलेल्या आणखी काही बाटल्या बिल कोक या अब्जाधीशाने तपासून घेतल्या, तर त्यावरची ती अक्षरं विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरल्यासारखी निघाली. १७८७ साली वीज. असो.

पिण्याबद्दल फार सांगत नाही. फक्त 'रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची' हा नियम युरोपातल्या गार खोल्यांचा आहे, आपल्या ३२ अंशांच्या हॉलचा नाही. त्या तापमानाला फक्त अल्कोहोल नाकात जातं. रेडसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून बघा, त्याच पैशात वेगळी वाईन प्यायल्यासारखं वाटेल. उरलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायची. आणि बर्फ टाकायचाच असेल तर टाका, पोलीस येत नाहीत.

आता खरा मुद्दा, इन्व्हेस्टमेंट. लंच टेबलवर एक तरी एक्सेलवाला असतोच. "वाईनमध्ये पैसे टाक, शेअर मार्केट पडलं तरी वाईन पडत नाही." पडते की! लाफीतने २००८ च्या वाईनच्या बाटल्यांवर आठचा चिनी आकडा टाकणार असं २०१० मध्ये जाहीर केलं आणि चिनी मागणीच्या आशेवर भाव उसळला. २०११ च्या मध्यानंतर अख्ख्या बोर्दोचा बाजार घसरला आणि कित्येक वर्षं सावरला नाही. २०२२ च्या अखेरीपासून पुन्हा तेच. शिवाय वाईन डिव्हिडंड देत नाही, उलट गोदामाचं भाडं आणि विमा मागते.

बरं, बाटली खरी कशावरून? २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात पोंसो घराण्याच्या १९४५ ते १९७१ च्या 'क्लो सँ दनी' आल्या होत्या. खुद्द लोराँ पोंसो तिथे हजर झाले, कारण त्यांच्या घराने ती वाईन बनवायला सुरुवातच ऐंशीच्या दशकात केली होती! त्या बाटल्या आणणाऱ्या रूडी कुर्निआवानला २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. फसलेले लोक नवशिके नव्हते, मुरलेले संग्राहक होते.

म्हणून तिथे किंमत बाटलीला नसतेच, तिच्या इतिहासाला असते. ती कुठल्या गोदामात, किती तापमानात, कुणाच्या नावावर होती याची कागदपत्रं लागतात. तुमच्या कपाटातल्या बाटलीला तो इतिहास कोण देणार? आणि एक्सेलमध्ये नसलेली ओळ वेगळीच आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात लायसन्सशिवाय दारू विकणं हा गुन्हा आहे. प्यायचा परवाना म्हणजे विकायचा परवाना नव्हे. थोडक्यात, जी वस्तू तुम्ही कायद्याने विकूच शकत नाही तिला तुम्ही पोर्टफोलिओ म्हणताय.

"मग वाईन कंपनीचे शेअर घेतो." घ्या, पण तो वेगळा खेळ आहे. सुलाचा आयपीओ डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ रुपयांना आला. पूर्ण ऑफर फॉर सेल, म्हणजे पैसा विकणाऱ्या जुन्या भागधारकांना, कंपनीला नाही. २०२४ च्या सुरुवातीला भाव साडेसहाशेच्या वर होता, २०२५ मध्ये ३५७ च्याही खाली. त्याआधी नारायणगावची इंडेज होती, शेअर बाजारातलीच. परदेशात कंपन्या विकत घेत सुटली आणि २००८ च्या मंदीनंतर कर्जाखाली कोसळली. त्याच सुमारास वाईनची मागणीही आटली आणि नाशिककडच्या कित्येक शेतकऱ्यांनी वाईनच्या द्राक्षांच्या बागा उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली.