कोयत्यामागचे हक्क

शाहू छत्रपतींचा जन्म २६ जून १८७४ रोजी कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला. १९१७ साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. आज कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात हंगामासाठी येणाऱ्या तोडणी मजुरांचे चित्र काय आहे? ‘एक कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल जोडीच्या नावे. स्त्रीच्या श्रमाचा स्वतंत्र हिशेबच नाही. मुलांची शाळा गावीच सुटते. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांस शिक्षणाचा हक्क मिळाला खरा. परंतु पोटासाठी गाव सोडणाऱ्यास दंड करून काय साधणार? स्त्रीची मजुरी तिच्या हाती आणि शाळा फडाजवळ, एवढे झाले तरच जयंतीच्या हारांना अर्थ राहील.