भंगार ठरवणारे कोण?

कुरखेडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहारातील अभ्यासिकेत एक संगणक आहे. कुठल्याशा कार्यालयाने टाकून दिलेला, २ जीबी रॅमचा. त्यावर विंडोज १० सुरू होईपर्यंत पोरं चहा पिऊन परत येत. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद केले. (तारीख बघा! आपण सगळे धम्मचक्र प्रवर्तन दिनात गुंतलेलो; कुणाला पत्ताही नव्हता.) विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० चिप हवी. म्हणजे एकही सुटा भाग बिघडलेला नसताना, परदेशातल्या एका कंपनीच्या निर्णयाने आमचा संगणक भंगार ठरला.

मी लिनक्स टाकूया म्हटलं, तेव्हा समितीतले एक काका म्हणाले, "आमच्या पोरायनं जुनंच काहून वापरायचं जी?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उतरलेले कपडे आणि उरलेलं अन्न ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या आलं, त्यांना "हे जुनं चालेल तुम्हाला" या वाक्याची चीड येणारच. म्हणून 'गरिबांसाठी लिनक्स' हा शब्दप्रयोग मला मान्य नाही. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. काकांच्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर उभा आहे. केरळच्या सरकारी शाळांनी तर ते कधीच स्वीकारलं. जुनं आहे ते यंत्र, प्रणाली नव्हे.

पण लिनक्स म्हणजे कुठलंही लिनक्स नव्हे. इथे आपले उत्साही मित्र चुकतात. मी आधी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. ती किमान २ जीबी मागते, आरामात चालायला ४. ती सुरू झाली, पण शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचं पान उघडलं की माउस गोठायचा. लुबुंटू थोडं बरं वाटलं. शेवटी अँटिएक्सवर थांबलो. डेस्कटॉप उघडल्यावर त्याने दोनशे-अडीचशे एमबीच रॅम खाल्ली. बाकी सगळी ब्राउझरला मोकळी. जुन्या संगणकात खरा खादाड ब्राउझरच असतो. प्रणाली कितीही हलकी निवडा, दहा टॅब उघडले तर ती बसणारच. पोरांना आम्ही एकच नियम घातला: एका वेळी दोन टॅब.

निवडण्याआधी प्रोसेसर ६४ बिटचा आहे का हे बघा. ३२ बिटच्या यंत्रांना उबुंटू आणि मिंटच्या मुख्य आवृत्तीने कधीच दार बंद केलं. डेबियन १३ चा इन्स्टॉलरही आता त्यांच्यासाठी येत नाही. आणि हार्डडिस्क पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून बघा, वायफाय लागतं की नाही ते कळेल. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक प्रणालीतच असतो, वेगळं काही चालू ठेवावं लागत नाही. अडचण आली ती कृतिदेवमधल्या जुन्या अर्जांची. ते युनिकोडमध्ये बदलून घेण्यात माझे दोन रविवार गेले.

अँटिएक्सच्या आवृत्त्यांना चळवळीतल्या माणसांची नावं देतात. १६ व्या आवृत्तीला होंडुरासच्या बेर्ता कासेरेस यांचं नाव होतं: नदी वाचवण्यासाठी धरणाला विरोध करताना २०१६ मध्ये मारल्या गेलेल्या आदिवासी नेत्या. मी ते नावासाठी निवडलं नाही, रॅमसाठी निवडलं. पण गडचिरोलीत बसून ते नाव वाचताना थबकलो, हे खरं.

"एमएस-सीआयटीत तर विंडोजच शिकवतात, नोकरीचं काय?" हा दुसरा आक्षेप. रास्त आहे. लिब्रेऑफिसवर पत्र लिहिता आलेल्या मुलीला वर्ड शिकायला आठवडा लागेल, आणि तो आठवडा आपण द्यायला हवा. मात्र चोरीची विंडोज टाकून, अपडेट नसलेल्या त्या यंत्रावर लेकरांचे आधार क्रमांक आणि बँक खाती भरायची, हा काही नोकरीचा मार्ग नव्हे.

काकांची मागणी मी सोडलेली नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून दोन नवे संगणक मिळावेत असा अर्ज आम्ही दिला आहे. तो अर्ज याच जुन्या यंत्रावर टाईप केला. सही काकांची आहे.