पाण्याच्या पैशाला जात विचारा



बीडला दुष्काळ पडला की मुंबई-पुण्याच्या ऑफिसांत पावतीपुस्तकं फिरतात. वर छापलेलं असतं : 'फक्त पाण्यासाठी'. कंपन्यांचा पैसा तसाच. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नं मोठ्या कंपन्यांच्या नफ्यातले २ टक्के समाजकार्याला लावले. त्यातला कुठल्या कामाला किती, ते कंपनीच ठरवते. ठीक. शिक्का तुमचा. पण मी विचारतो, शिक्क्याच्या आत पाणी कुणाचं?

शेततळं म्हणजे पाणी. पण २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत मागणाऱ्याकडे आधी किमान ०.६० हेक्टर जमीन लागत होती. ज्याचं सातबाऱ्यावर नावच नाही त्यानं काय मागायचं? नाला खोल केला, विहिरी भरल्या. कुणाच्या? ज्यांच्या होत्या त्यांच्या. आमच्यांनी तिथं फुकट टिकाव मारायचा, त्याला म्हणे श्रमदान! चारा छावणी उघडली, दावणीला जनावर असलेल्याची सोय झाली. नाले खणू नका असं मी म्हणत नाही. त्यानं भूमिहीनाचा हंडा भरत नाही, एवढंच सांगतो.

मग पैसा नाकारायचा? का म्हणून? 'पाणी'च ना? चला ऊसतोड्यांकडं. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन बीडचे लाखो लोक कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कोप्यांवर धड नळ नाही, न्हाणी नाही, संडास नाही. पाळीतही बाईनं मोळ्या वाहायच्या. खाडा केला की दंड. २०१९ साली नेमलेल्या सरकारी समितीच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कोप्यांवर टाकी आणि न्हाणी, हेही पाणीच आहे, भाऊ!

पण दात्याची दुसरी अट : 'काम बीड जिल्ह्यातच'. च्यायला, माणसं सांगलीच्या फडात अन् टाकी बीडच्या रिकाम्या वस्तीत!

म्हणून पावती फाडण्याआधी तीन सवाल करा. टाकी कुठं बसणार? भूमिहीनाची बाई तिथं हक्कानं हंडा भरणार का? दोन वर्षांनी नळ बिघडला तर दुरुस्त कोण करणार? जी संस्था याची उत्तरं देईल तिला द्या. नुसते फोटो दाखवील तिला दमडी नको. अन् दात्याला तोंडावर सांगा, अट बदल.

कारखानदार आणि सरकार यातून सुटले असं समजू नका. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते कुणाच्या दानातलं नव्हतं. हक्काचं होतं. दानाचा हिशोब मागा, हक्काची लढाई चालू ठेवा.

जयभीम!