मदात्ययानंतरची चिकित्सा आणि गटाचे स्थान

मद्यपानाचा रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा व्यसनासाठी नव्हे, तर यकृताच्या तक्रारीसाठी. भूक नाही, सकाळी उमासे येतात, हाताला कंप आहे, झोप लागत नाही. आपण कुटकी, भूम्यामलकी, पुनर्नवा यांची योजना करतो, पथ्य सांगतो, क्षीरपानाचा उपदेश करतो. महिना-दीड महिन्यात मुखावर तजेला येतो आणि कुटुंबीय समाधानाने निरोप घेतात. तीन-चार महिन्यांनी तोच रुग्ण पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत पुन्हा दारात उभा राहतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांत ज्याला हा अनुभव नाही असा विरळाच. आमच्या मते दोष औषधीचा नसून, आपली चिकित्सा ज्या ठिकाणी थांबते त्या ठिकाणाचा आहे.

चरकाचार्यांना ही अवस्था परिचित होती. चिकित्सास्थानातील मदात्ययाच्या अध्यायात, म्हणजे चोविसाव्या अध्यायात, त्यांनी ध्वंसक आणि विक्षय हे दोन विकार वर्णिले आहेत. मद्य सोडलेला मनुष्य एकाएकी पुन्हा अतिमद्यपान करू लागला की हे उद्भवतात, आणि क्षीण देहात ते अत्यंत दुश्चिकित्स्य ठरतात, असे त्यांनी बजावले आहे. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात सत्त्वावजय चिकित्सेचा निर्देश आहे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणे हे तिचे स्वरूप. सिद्धांत निःसंशय आहे. परंतु डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून मुंबईला जाणारा आणि रात्री नऊला स्थानकाबाहेर पडताना पहिला बार ओलांडून घरी पोहोचू पाहणारा मनुष्य हा निग्रह रोज कोणाच्या आधाराने करणार, हा प्रश्न शिल्लक राहतो. वैद्य पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटे भेटतो. उरलेल्या वेळेचे काय?

या प्रश्नाचे उत्तर वैद्यांनी नव्हे, रुग्णांनीच शोधले. अमेरिकेतील ॲक्रन शहरात १९३५ साली दोन मद्यपी एकत्र आले; त्यांतील एक स्वतः शल्यचिकित्सक होता. एका मद्यपीने दुसऱ्याशी बोलल्याने दोघांचाही तो दिवस मद्याविना जातो, एवढ्या अनुभवावर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना उभी राहिली. भारतात ती १९५७ पासून आहे. महाराष्ट्रात गटाचे महत्त्व मराठी समाजाच्या अंगवळणी पाडले ते पुण्याच्या मुक्तांगणने. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य दिले, आणि डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू केले, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. त्यातील एक गोष्ट मात्र आपल्या व्यवसायाने पुरेशी लक्षात घेतलेली नाही. व्यसनातून बाहेर पडलेल्या मंडळींनाच तेथे कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून उभे करण्यात आले. रुग्ण हाच उपस्थाता झाला. मुक्तांगणशी दीर्घकाळ निगडित असलेले डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली. म्हणजे हा विचार आपल्या दाराशी येऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे.

गटाच्या सभेत घडते तरी काय? बाहेरून पाहणाऱ्यास फारसे काही नाही. शाळेचा एखादा वर्ग, लाकडी बाके, चहा. शुल्क नाही, हजेरीपट नाही, आडनाव विचारले जात नाही. एकेक जण उठून स्वतःविषयी बोलतो. दुसऱ्यास उपदेश करण्याची मुभा नसते. चतुष्पादांचे वर्णन करताना चरकांनी रुग्णाच्या गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्याधी यथार्थ सांगण्याची क्षमता, गणली आहे. मद्यपी रुग्णात नेमका हाच गुण लुप्त झालेला असतो. ‘कधीतरी घेतो, शनिवारी’ हे उत्तर आपण सर्वांनी ऐकले आहे. तोच मनुष्य गटात दुसऱ्याच्या तोंडून स्वतःची कहाणी ऐकतो, आणि काही आठवड्यांनी पत्नीचे मंगळसूत्र गहाण टाकल्याचे न विचारता सांगतो. वैद्यापुढे त्याला प्रतिष्ठा राखायची असते. ज्यांनी स्वतः तेच केले आहे त्यांच्यापुढे राखण्यासारखे काही उरत नाही. शिवाय सभा संपली तरी गट संपत नाही. गटारीच्या आदल्या दिवशी, हळदीच्या रात्री, एकतीस डिसेंबरला, पगाराच्या संध्याकाळी दूरध्वनी करावा असा एक क्रमांक खिशात असतो.

तद्विद्यसंभाषेचा दाखला देऊन ‘समूहोपचार आमच्या संहितांत पूर्वीच सांगितला आहे’ असे प्रतिपादन आपल्या परिषदांतून अधूनमधून ऐकू येते. आम्हांस ते मान्य नाही. विमानस्थानातील ती संभाषा वैद्यांची आहे, ज्ञानवृद्धीसाठी आहे. परक्याकडून चांगली गोष्ट घेतली तर घेतली म्हणावे. त्याने आयुर्वेदास उणेपणा येत नाही. याउलट, बारा पायऱ्यांतील ईश्वराचा उल्लेख पाहून हे सर्व परधर्मीय ठरवणारेही आहेत. तेथे ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ईश्वर मानावा अशी मुभा आहे. आणि गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडणारा, दर एकादशीला भजनी मंडळात बसणारा माळकरी आपल्या कल्याण-भिवंडीच्या गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याला दारूपासून दूर ठेवणारी ती केवळ माळ नव्हे, माळ पाहणारी मंडळीही असतात.

केवळ श्रद्धेवर हे विधान सोडण्याचे कारण नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा विचार झाला. पद्धतशीरपणे अशा गटांशी जोडून दिलेल्या रुग्णांत अखंड मद्यत्यागाचे प्रमाण अन्य मान्य मानसोपचारांपेक्षा अधिक आढळले. अर्थात गट प्रत्येकाला मानवत नाही. उन्मादाची लक्षणे असलेल्यास, किंवा पिणे थांबवून दोनच दिवस झालेल्यास तेथे पाठवणे अयोग्य. पहिल्या ४८ तासांत झटके आणि दोन ते चार दिवसांत प्रलाप येऊ शकतो. तो रुग्ण रुग्णालयाचा आहे. येथे विलंब केल्यास प्राण जातात, आणि या बाबतीत शास्त्राभिमान आड येऊ देऊ नये.

आता आपल्या लेखणीकडे वळू. व्यसनातून उठलेल्या रुग्णास बल्य म्हणून द्राक्षारिष्ट वा अश्वगंधारिष्ट, अग्निमांद्यासाठी कुमार्यासव लिहिले जाते. आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्यांश बाटलीवर छापलेला असतो, आणि तो कित्येकदा बिअरइतका किंवा त्याहून अधिक असतो. मात्रा चार चमचे असली तरी गंध आणि चव तीच. त्यातही रुग्ण जर डायसल्फिराम घेत असेल, तर मुख लाल होणे, वांत्या, रक्तदाब कोसळणे असा प्रकार संभवतो. ते औषध बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. गटातील जुन्या मंडळींना हे पक्के ठाऊक असते, आणि नवागतास ते ‘वैद्यांना आधी सांग’ असे बजावतात. हे बजावण्याची पाळी त्यांच्यावर का यावी? चूर्ण, वटी, घृत असे पर्याय आपल्याकडे विपुल आहेत.

याहून गंभीर प्रकार म्हणजे ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ ही चूर्णे. लोकलच्या डब्यात त्यांच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात आणि त्यांवर आयुर्वेदाचे नाव असते. आमटीतून चोरून दिलेले अनामिक द्रव्य ही कोणत्याही संहितेच्या अर्थाने चिकित्सा नव्हे, कारण तिच्यात रुग्ण हा पाद मुळातच वगळलेला आहे. संघटनेने या जाहिरातींविरुद्ध जाहीरपणे बोलावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मौनाचा अर्थ संमती असा घेतला जातो.

हे चूर्ण विकत घेणारी बहुधा पत्नी किंवा आई असते, आणि तिला दोष देणे सोपे आहे. तिच्यासाठीही गट असतात. मद्यपींच्या कुटुंबीयांचे अल-ॲनॉन आहे, मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ हा गट आहे. पतीने पिणे थांबवले नाही तरी तिची झोप, तिचे आम्लपित्त, तिची शिरःपीडा यांत फरक पडतो. आपल्या दवाखान्यात अशा स्त्रिया पतीच्या आधी कित्येक वर्षे येत असतात. संधी तेव्हाच असते. स्वतः व्यसनी असलेली स्त्री मात्र पुरुषांनी भरलेल्या वर्गात जाऊन बसत नाही, आणि तिला पाठवावे कोठे याचे उत्तर आमच्या परिसरात सहज मिळत नाही.

मद्यपींच्या काही सभा खुल्या असतात. तेथे वैद्यासही शेवटच्या बाकावर बसता येते. आपल्या स्थानकाजवळची सभा कोणत्या वारी, किती वाजता भरते हे प्रत्येकाने एकदा जाऊन पाहून यावे आणि केसपेपरवर औषधाखाली लिहावे. ज्यांच्या दवाखान्यास बाहेरची प्रशस्त खोली आहे, त्यांनी ती रविवारी दुपारी स्त्रियांच्या गटासाठी देऊ करावी. त्या वेळी ती रिकामीच असते.