रंग आधी, अर्थ मागाहून

अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात ६ जानेवारीपासून मार्डी ग्राच्या सणापर्यंत 'किंग केक' खाल्ला जातो. गोड पिठाचे भट्टीत भाजलेले कडे, आणि त्यावर जांभळ्या, हिरव्या, सोनेरी साखरेचे पट्टे. जांभळा न्यायाचा, हिरवा श्रद्धेचा, सोनेरी सत्तेचा, असे या रंगांचे अर्थ सांगितले जातात. परंतु हे रंग मुळात तिथल्या 'रेक्स' या मंडळाच्या मिरवणुकीचे. मंडळाने ते निवडले १८७२ साली. त्यांना हे अर्थ दिले १८९२ च्या मिरवणुकीत. रंग आणि अर्थ यांच्यात वीस वर्षांचे अंतर आहे.

म्हणून हे अर्थ खोटे ठरतात काय? आम्हांस तसे वाटत नाही. लोकांनी ते स्वीकारले, दरवर्षी केकवर पेरले. प्रतीक असेच रुजते. आमचा आक्षेप निराळा आहे. आपल्या वर्गांत कवितेत रंग दिसला की त्याचा ठरीव अर्थ फळ्यावर येतो, आणि विद्यार्थी तोच कवीचा मूळ हेतू समजून उत्तरपत्रिकेत उतरवतो. तो अर्थ कुणी दिला, केव्हा दिला, हे विचारले जात नाही. ते विचारले जावे. केक खाणाऱ्याच्या दाताखाली आधी साखर येते. वाचकालाही आधी रंग नीट पाहू द्यावा.